एकाच थरातली दोन वयं

समुद्राच्या तळाचा चिखल धुण्यात जिनं एकतीस वर्षं घालवली, तिला माणसं चाळणबाई म्हणणार नाहीत, तर काय अत्तरबाई म्हणणार? प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर जिन्याखालची खोली हे तिचं राज्य. दोन खोल सिंक, पितळी जाळीच्या सात चाळण्या, गाळ वाळवायची एक बुटकी भट्टी आणि भिंतभर फळ्यांवर काचेच्या कुप्या. जहाज समुद्रतळात लांबलचक नळी खुपसायचं आणि गाळ उभाच्या उभा कापून आणायचं. ती नळी मधोमध चिरली की आत थरावर थर दिसत, वर अलीकडचे, खाली आजे-पणजे. चाळणबाई दोन-दोन बोटांवर सुरीनं काप घ्यायची, त्यांना नंबर द्यायची आणि धुवायची. बारीक गाळ जाळीतून खालच्या भांड्यात उतरायचा. जाळीवर उरायच्या मोहरीहून लहान कवच्या, कधीकाळी पाण्यात तरंगत जगलेल्या आणि मरून तळाशी पडलेल्या जिवांच्या.

माणसांच्या बाबतीतही तिचा हात असाच चालायचा. कोण किती बोललं, त्यातलं जाळीवर किती उरलं, हे ती मनात टिपून ठेवायची. वरच्या मजल्यावरच्या अर्ध्या विद्वानांचं तिच्या लेखी काहीच उरत नसे.

गेल्या वर्षी नवी प्रमुख आली, वयानं चाळणबाईच्या अर्धी. पहिल्याच आठवड्यात लोकांनी तिचं नाव प्रश्नचिन्ह पाडलं.

"मावशी, या कवच्या टाकून का देता?"

"साहेब म्हणायचे, वय गाळाचं काढायचं, कवच्यांचं नाही."

"का?"

"साहेबांना 'का' विचारायची पद्धत नव्हती."

"का?"

चाळणबाईनं चाळणी आपटली. "मॅडम, तुम्ही लग्नाच्या आधीही अशाच होता का?"

"म्हणून तर अजून व्हायचंय," प्रश्नचिन्ह म्हणाली आणि दोघी हसल्या. चाळणबाईनं तिथंच तिच्या नावापुढे मनातल्या मनात बरीशी नोंद केली.

साहेब म्हणजे जुने प्रमुख. तीन वर्षांपूर्वी वारले. बोळात त्यांचा फोटो होता, त्यात ते अजून रागावलेलेच होते. त्यांच्या एका नळीवर सगळी प्रयोगशाळा उभी होती असं म्हटलं तरी चालेल. त्या नळीतल्या गाळाचं वय काढून साहेबांनी सांगितलं होतं की समुद्र अमुक साली थंड झाला, तमुक साली पुन्हा तापला. त्यावर भाषणं झाली, सत्कार झाले. नळीचा एक अर्धा भाग तेव्हाच कापला गेला होता. दुसरा अर्धा मागच्या शीतकोठीत ठेवणीतला म्हणून पडून होता. प्रश्नचिन्हानं आल्या-आल्या तोच बाहेर काढायला लावला, अठरावा काप घेतला आणि गाळ वेगळा, कवच्या वेगळ्या अशा दोन कुप्या दूरच्या यंत्राकडे वय काढायला पाठवल्या.

गुरुवारी दुपारी ती निकालाचा कागद नाचवत जिन्याखाली आली.

"मावशी, काचेची उभी बरणी द्या. आणि मूठभर न धुतलेला गाळ."

तिनं बरणीत पाणी भरलं, गाळ टाकला, काठीनं ढवळला आणि हात काढून घेतला. कवच्या भराभर तळाला गेल्या. बारीक गाळ मात्र घिरट्या घालत राहिला.

"बघा. कवच्या जड. जिथं पडल्या तिथं बसल्या. हे बारीक काय आहे? मेलेल्या जिवांचे कण, मातीच्या कणांना चिकटलेले. तळाशी पाण्याचा प्रवाह असतो, तो यांना उचलतो, कुठंतरी टाकतो. शंभर वर्षांनी पुन्हा उचलतो, पुढं टाकतो. मुक्काम करत करत हे लोक आपल्या नळीपाशी पोचतात तेव्हा हजारो वर्षांचे म्हातारे झालेले असतात. आणि बसतात कुठं? आजच्या कवच्यांच्या शेजारी."

"नातवाच्या पंगतीला पणजोबा," चाळणबाई म्हणाली.

"अगदी! साहेबांनी पणजोबांचं वय विचारलं आणि तेच नातवाला लावलं." तिनं कागद पुढं केला. "गाळ पाच हजार आठशे चाळीस वर्षांचा. त्याच कापातल्या कवच्या तीन हजार दोनशे दहा."

चाळणबाईनं सिंकचा काठ धरला. आकडे तिला नवे नव्हते. चाळीस आणि दहा तेवढे नवे होते.

"काय झालं?"

"काही नाही. सकाळपासून उभी आहे."

"मावशी, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. या नळीतल्या कवच्यांचं वय पूर्वी कुणी काढलं होतं का? मी एकटीनं हे छापलं तर लोक पहिलं काय म्हणतील? की पोरीनं कुप्यांची अदलाबदल केली. जुना एखादा निकाल सापडला ना, तर तोंडं बंद होतील. सोमवारी लेख पाठवायचाय."

"आठवत नाही," चाळणबाई म्हणाली. एकतीस वर्षांत तिला न आठवलेली ही पहिली गोष्ट असावी.

आठवत तर सगळं होतं. तिच्याआधी या खोलीत तिचा थोरला भाऊ कामाला होता. दादानंच तिला चाळणी धरायला शिकवलं, दादाच्याच शब्दावर ती इथं लागली. ती गाळ धुवायची, तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवची उचलायचा. त्याच्यासारखा हात पुन्हा कुणाचा झाला नाही. ती लागली त्याच वर्षी साहेबांनी कुणा मोठ्या समितीच्या आग्रहावरून अठराव्या कापाच्या दोन कुप्या पाठवल्या, एक गाळाची, एक कवच्यांची. निकाल आला, पाच हजार आठशे आणि तीन हजार दोनशे. साहेबांनी भाषण तर आधीच ठोकलेलं. एका थराची दोन वयं कशी असतील? तीन हजार दोनशे हे तर वरच्या, सहाव्या कापातल्या गाळाचं वय. म्हणजे ताटात शेजारीच असलेल्या सहाव्याच्या कवच्या अठराव्याच्या कुपीत गेल्या. म्हणजे निवडणाऱ्यानं घोळ घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं. फक्त इथला चोर समुद्राच्या तळाशी होता आणि त्याला पकडायची अक्कल तेव्हा कुणाला नव्हती.

चौकशी लागली. साहेबांनी तिला एकटीला बोलावलं. "ताटात कुप्या उलटसुलट झालेल्या तू पाहिल्यास. हो ना? पाहिलं नसशील, तर दोघांवरही संशय राहील आणि दोघांनाही घरी जावं लागेल. तुमची आई अंथरुणाला आहे असं ऐकतो." चाळणबाईनं काहीही पाहिलं नव्हतं. तिनं 'पाहिलं' असं लिहून सही केली. अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या हिशेबात एका पगारात तिघं जगत होती आणि शून्य पगारात तिघंही मरत होती. गणित चुकलेलं नव्हतं. दादाची नोकरी गेली, महिन्याभरात ठरलेलं लग्नही गेलं, आणि उरलेलं आयुष्य त्यानं बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजण्यात काढलं.

शनिवारी ती कागदपत्रांच्या खोलीच्या कुलूपवाल्यांकडे गेली.

"एकतीस वर्षांपूर्वीची फाईल?" कुलूपवाले म्हणाले. "तेव्हा माझे केस काळे होते आणि तुमची जीभ गोड होती."

"तुमचे केस काळे होते याला साक्षीदार कोण?"

"वा! म्हणजे आता पुरावा शोधायला आलात की काय?" ते खी-खी हसत आत गेले आणि धुळीचं एक पुडकं घेऊन आले. "सही करा. परत आणा. उंदरांनी खाल्लेलं असेल तर माझ्यावर ढकलू नका."

उंदरांनी काही खाल्लं नव्हतं. निकालाचा कागद होता, त्यावर तांबड्या शाईत 'रद्द'. त्याखाली तिची साक्ष, पाच ओळी, गोल गोल अक्षरात. निकाल एकटा काढून सोमवारी देता आला असता. साक्षीचा कागद पिशवीत राहिला असता, पिशवीतून चुलीत गेला असता. कुणाला पत्ता लागला नसता आणि दादाचं नावही धुऊन निघालं असतं. ती बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत बसली. असा सौदा रोज मिळत नाही.

अडचण एकच होती. दादाला तिची साक्ष माहीत होती. पहिल्या दिवसापासून. आणि त्याबद्दल त्यानं एकदाही तिला बोल लावला नव्हता. उलट बर्फवाल्यांत सांगायचा, "माझी बहीण सख्ख्या भावासाठीसुद्धा खोटं बोलली नाही." त्या एका वाक्यावर ती एकतीस वर्षं त्याच्या घरात मानानं जेवली होती.

दादा आता सहासष्ट वर्षांचा होता. बर्फानं फुप्फुसं खाल्ली होती, चार पायऱ्या चढला की थांबायचा. पण त्याहून जास्त खाल्ला होता तो स्वतःवरचा भरवसा. दार लावलं की परत येऊन ओढून बघायचा. पत्रावर पत्ता लिहिला की तिच्यासमोर धरायचा.

रविवारी सकाळी ती भाजी चिरत होती. तो स्वयंपाकघरात आला, गॅसचं बटण बघितलं, पुन्हा बघितलं.

"चिमे, हा बंद आहे ना गं?"

"आहे."

"तू बघितलंस ना? मग झालं."

तिनं सुरी खाली ठेवली. "दादा, बस. नव्या मॅडमनी अठरावा काप पुन्हा पाठवला होता. निकाल आला."

तो बसला. इतक्या वर्षांत त्या नळीचं नाव घरात निघालं नव्हतं.

"गाळ किती आला?"

"पाच हजार आठशे चाळीस."

"कवच्या?"

"तीन हजार दोनशे दहा."

त्यानं ओठ हलवून आकडे स्वतःशी म्हटले. "माझेच की हे!"

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, बरणी, काठी, प्रवाह, मुक्काम करत आलेले म्हातारे कण. हे तिला अवघड गेलं नाही. कामाचं बोलणं होतं. आणि दादा ऐकता ऐकता तरुण होत गेला. पाठ सरळ झाली. मधेच त्यानं विचारलं, कवच्या झिजलेल्या होत्या की धड? धड होत्या म्हटल्यावर त्यानं मांडीवर थाप मारली. "मग त्या घरंगळत आलेल्या नाहीत! वरून पडल्या त्या तिथंच. अगं, मी साहेबांना हे बोललो होतो, कवच्या कशा चकचकीत आहेत बघा म्हणून. ते म्हणाले, तू निव्वळ वेचायचं काम कर." तो हसला, खोकला आला, तरी हसत राहिला. "म्हणजे मी कुप्या बरोबर ठेवल्या होत्या, चिमे."

"हो."

"बरोबर ठेवल्या होत्या."

हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस कुठंतरी दुसरीकडे बघायला लागला.

"पण तू तर पाहिलं होतंस," तो म्हणाला.

भाजीच्या फोडींखालून पाण्याचा एक ओघळ ओट्याच्या कडेला आला होता. तिनं तो बोटानं अडवला.

"नव्हतं पाहिलं."

"नीट सांग."

"मी काहीच पाहिलं नव्हतं, दादा. साहेब म्हणाले, लिही. मी लिहिलं. आई होती..."

"आईचं मध्ये आणू नकोस." आवाज चढलेला नव्हता. "ताटात काय होतं, ते तू पाहिलंच नव्हतंस?"

"नाही."

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. मग तो बोलला ते तिच्याशी होतं की हातांशी, तिला कळलं नाही.

"मला आठवत होतं. डावीकडे सहा, उजवीकडे अठरा. डोळे मिटले की ताट दिसायचं. साहेबांनी शंभरदा म्हटलं असतं, तरी मी मानलं नसतं. साहेब काय, ते स्वतःच्या भाषणाला सांभाळत होते. पण तू म्हणालीस, पाहिलं. तुझे डोळे माझ्याहून चांगले. मग मी म्हटलं, माझंच चुकत असणार. मी बसून बसून ते ताट फिरवलं, चिमे. रोज थोडं थोडं. आता डोळे मिटतो तर डावीकडे अठराच दिसतात." त्यानं डोळे मिटले. "बघ. आत्तासुद्धा. तू खरं सांगितलंस तरी तेच दिसतंय."

"दादा, मी..."

"सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला आणि उठला. "त्या मॅडमना भेटायचंय मला."

दुपारी तो जेवला. व्यवस्थित जेवला. त्यानं भांडण केलं असतं, ताट सरकवलं असतं, तर चाळणबाईला बरं वाटलं असतं. त्याची तिच्याकडे उत्तरं तयार होती. न मागितलेल्या उत्तरांचं काय करायचं, ते तिला कळेना.

सोमवारी दहा वाजता दादा जिन्याखालच्या खोलीत उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, धाप लागलेली. खोली त्यानं नजरेनं एकदा मोजली आणि "भट्टी तीच आहे," एवढंच म्हणाला.

प्रश्नचिन्हानं त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्यानं डोळा लावला, चाक फिरवलं.

"हा भोवरा," तो म्हणाला. "हे दोन फुगे. हा कुबड्या. कुबड्या गार पाण्यात राहतो."

"काका, यांची शास्त्रीय नावं पाठ करायला मला दोन वर्षं लागली," प्रश्नचिन्ह म्हणाली. "तुमचीच बरी आहेत."

चाळणबाईनं पिशवीतून निकालाचा कागद काढून टेबलावर ठेवला. प्रश्नचिन्हानं तो उचलला आणि खुर्चीतून जवळजवळ उडालीच. "चाळीस वर्षांचा फरक! दहा वर्षांचा फरक! एवढा तर यंत्राचाच असतो. काका, लेखात तुमचं नाव घालणार मी. या कवच्या पहिल्यांदा निवडल्या त्या यांनी, म्हणून." मग तिचं लक्ष तांबड्या शाईकडे गेलं. "पण हा रद्द का केला? याचं कारण मला द्यावं लागेल. अदलाबदल झाली असं नुसतं साहेबांना वाटलं, की कुणी पाहिलं होतं?"

"पाहिलं असं लिहून देणारं एक माणूस होतं," दादा म्हणाला. त्यानं डोळा काचेवरून काढला नव्हता.

"कोण?"

दादा चाक फिरवत राहिला, बारीक, मागं-पुढं, जसं काही अजून एखादी कवची दिसायची बाकी आहे. सिंकच्या नळातून थेंब पडत होते. तो आता आपल्याला वाचवेल असं चाळणबाईला वाटलं, क्षणभर, लहानपणच्या सवयीनं. आठव्या थेंबाला तिला समजलं की तो थांबला आहे तो तिच्यासाठी, आणि वाचवायला नाही.

"मी," ती म्हणाली.

प्रश्नचिन्हानं तिच्याकडे पाहिलं.

चाळणबाईनं दुसरा कागद काढला. "यात आहे. खोटं आहे ते. मी पाहिलं नव्हतं."

प्रश्नचिन्हानं पाच ओळी वाचल्या. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवला. "हे तुम्ही मला लिहून द्यायला हवं, मावशी. आज. सहीसकट." 'मावशी' म्हणताना आवाज नेहमीसारखाच राहावा याची तिनं काळजी घेतली होती, आणि ती काळजी ऐकू येत होती.

चाळणबाईनं उभ्यानंच लिहिलं, भट्टीच्या झाकणावर कागद ठेवून. तीन ओळी झाल्या. खोट्याला पाच लागल्या होत्या. कागद तिनं दादापुढं धरला. तो खिशातून चष्मा काढून सावकाश वाचत राहिला, एकेका शब्दावर थांबत.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

तिनं तारीख घातली.

प्रश्नचिन्ह तिन्ही कागद घेऊन वर गेली. दादानं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि शर्टाची बाही नीट केली. चाळणबाईनं हात पुसले. "चल, तुला बसपर्यंत सोडते. बाहेरच्या पायऱ्या सावकाश उतर, संध्याकाळी मी येताना तुझं औषध..."

"मी घरी जात नाही," तो म्हणाला. "कारखान्यातल्या वजनवाल्याची मागची खोली रिकामी आहे. काल फोन केला होता त्याला."

"किती दिवस?"

त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकवून श्वास घेतला.

"माहीत नाही. आणि मला जे माहीत नसतं, ते मी सांगत नाही."

तो गेला. बोळात त्याची पावलं दोनदा थांबली. दोन्ही वेळा ती दारापर्यंत गेली, आणि दोन्ही वेळा तो फक्त धाप ओसरायची वाट बघत होता. वरच्या मजल्यावरून नवी नळी आली होती, अजून न चिरलेली, टेबलावर आडवी. चाळणबाईनं सुरी घेतली, पहिला काप काढला, चाळणीवर ठेवला आणि नळ सोडला. पाणी बराच वेळ गढूळ येत राहिलं.